घरच्या दागिनेकामासाठी पहिले ड्रिल कसे निवडावे

दागिने घडवायला नव्याने बसलेला माणूस ड्रिल घ्यायला निघतो तेव्हा त्याच्यासमोर बहुधा दोनच आकडे ठेवले जातात: मोटर किती वॉटची आणि वेग मिनिटाला किती फेऱ्यांचा. खोक्यावर तेच ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, असा समज सहज होतो. दागिनेकामात मात्र या दोन्ही आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही. एक मिलिमीटरचे भोक पाडायला मोठी ताकद लागत नाही आणि यंत्राच्या सर्वोच्च वेगावर तर भोक जवळजवळ कधीच पाडायचे नसते. खरोखर पाहायच्या गोष्टी तीन आहेत: यंत्र किती हळू फिरू शकते, हळू फिरताना त्याचा जोर टिकतो का, आणि त्यात बसवलेला बिट, म्हणजे भोक पाडणारी पिळाची काडी, न डगमगता फिरतो का. पहिले ड्रिल निवडताना या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप सुटतात.

हे प्रश्न विचारण्याआधी मात्र आपल्याला भोके कशात आणि केवढी पाडायची आहेत, हे कागदावर लिहून काढावे. कानातल्याच्या आकड्यासाठी किंवा कडीसाठी पाडायचे भोक त्यातून जाणाऱ्या तारेवरून ठरते. येथे एक गोंधळ नेहमी होतो. तार गेजच्या क्रमांकाने विकली जाते, पण गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. अमेरिकन गेजप्रमाणे २० नंबरची तार ०.८१ मिलिमीटर जाडीची असते, तर ब्रिटिश गेजप्रमाणे त्याच नंबरची तार ०.९१ मिलिमीटर भरते. १८ नंबरला हा फरक आणखी वाढतो: एकीकडे १.०२, तर दुसरीकडे १.२२ मिलिमीटर. त्यामुळे नंबरावर विसंबून बिट घेतला, तर तार भोकात शिरत नाही किंवा खुळखुळत राहते. एक साधा कॅलिपर घेऊन तार मोजावी आणि भोक तारेपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर मोठे धरावे, म्हणजे कडी मोकळेपणाने हलते. पत्र्यात जाळीकाम करायचे असेल तर करवतीचे पाते आत ओवण्यापुरते साधारण एक मिलिमीटरचे भोक लागते. टॉप्ससाठी मोती अर्धवट विंधतात, त्यात बसणारी खुंटी बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटरची असते. ही सगळी मापे एकत्र पाहिली की लक्षात येते, घरच्या दागिनेकामातली बहुतेक भोके अर्धा ते अडीच मिलिमीटरच्या आतच येतात.

एवढ्यावरूनच घरात आधीपासून असलेले भिंतीचे ड्रिल बाजूला पडते. अशा अनेक ड्रिलांचा चक, म्हणजे बिट आवळून धरणारे तोंड, दीड मिलिमीटरपेक्षा बारीक बिट धरतच नाही, आणि धरलाच तर नेमका मध्यावर धरत नाही. शिवाय किलो-दीड किलोचे यंत्र एका हातात तोलून ०.८ मिलिमीटरच्या बिटाला सरळ ठेवणे अशक्यप्राय असते. बिट मोडतो, आणि तो बहुधा भोकात अडकूनच मोडतो.

वेगाचे गणित

वेगाचा विषय थोडा बारकाईने समजून घ्यायला हवा, कारण चुकीच्या खरेदीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. बिट कापतो तो त्याच्या धारेने. ती धार धातूवरून मिनिटाला किती मीटर सरकते, याला कापण्याचा वेग म्हणतात. एक मिलिमीटर व्यासाच्या बिटाचा परीघ ३.१४ मिलिमीटर असतो. तो मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची कड मिनिटाला सुमारे ९४ मीटर धावते. तांबे किंवा चांदी यांसारख्या मऊ धातूंसाठी हायस्पीड स्टीलच्या बिटाचा कापण्याचा वेग ढोबळमानाने ३० मीटरच्या आसपास धरतात. उलटे गणित केले तर एक मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला साधारण ९,५०० फेरे पुरतात, दोन मिलिमीटरच्या बिटाला त्याच्या निम्मे, आणि तीन मिलिमीटरच्या बिटाला ३,२०० च्या आत.

हे आकडेही घट्ट बसवलेल्या यंत्राचे आहेत, जिथे बिट काटकोनात उतरतो आणि भोकावर तेलाची धार चालू असते. हाताने धरलेल्या यंत्रात दाब कमीजास्त होतो, कोन थोडा हलतो आणि कीस भोकातच साचतो. म्हणून हाताने काम करताना यापेक्षा बराच कमी, म्हणजे एक ते पाच हजार फेऱ्यांच्या दरम्यानचा वेग सोयीचा ठरतो. वेग वाढला की प्रथम उष्णता वाढते. साध्या कार्बन स्टीलचा बिट दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे आपली कठीणता गमावू लागतो. त्याचे टोक निळसर पडलेले दिसले की तो बिट संपला असे समजावे. हायस्पीड स्टील सुमारे सहाशे अंशांपर्यंत तग धरते, म्हणून बिट घेताना तेच मागावे. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते आणि हस्तकलेसाठी वापरले जाणारे बरेचसे इपॉक्सी रेझिन त्याच्याही आधी. वेगाने फिरणारा बिट त्यात कापत नाही, वितळवतो, आणि वितळलेले रेझिन बिटाच्या खाचांमध्ये जाऊन थिजते.

आता बाजारातल्या हातात धरायच्या रोटरी टूलकडे पाहावे. त्यांचा वेग साधारणपणे ५,००० ते ३५,००० फेऱ्यांचा असतो आणि काहींचा सर्वांत कमी वेगच १०,००० असतो. म्हणजे अशा यंत्राची सगळ्यात हळू चालसुद्धा दोन मिलिमीटरच्या भोकाला जास्त होते. यंत्र पाहताना ‘जास्तीत जास्त किती’ याऐवजी ‘कमीत कमी किती’ हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर पाच हजारांच्या वर असेल तर धातूकामासाठी ते यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. स्वस्त रोटरी टूलचा वेग कमी केला की मोटरला मिळणारी वीज कमी होते आणि जोरही जातो. बिट धातूला टेकला की मोटर कण्हते आणि थांबते. चांगल्या यंत्रात भार आल्याबरोबर वीज आपोआप वाढवून वेग टिकवणारे सर्किट असते. ते आहे की नाही हे माहितीपत्रकात पाहावे किंवा प्रत्यक्ष चालवून पाहावे.

हाताने फिरवायची साधने

विजेचे यंत्र घेण्याआधी एका गोष्टीचा विचार प्रत्येकाने करावा, आणि तो बहुतेक जण करत नाहीत: आपल्याला विजेचे ड्रिल आताच हवे आहे का? पिन वाइस नावाचे साधन म्हणजे पेनाएवढ्या दांडीच्या टोकाला बसवलेला छोटा चक. मागची गोल टोपी तळहातात टेकवायची आणि दांडी बोटांनी फिरवायची. रेझिन, पॉलिमर क्ले, लाकूड, ॲक्रिलिक यांसाठी हेच साधन सर्वांत चांगले आहे, कारण त्यात उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही आणि बिट कुठे चालला आहे ते बोटांना कळते. याचाच थोडा पुढचा प्रकार म्हणजे पिळाच्या दांडीचे ड्रिल: दांडीवरची फिरकी वरखाली सरकवली की बिट फिरतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्यात एक मिलिमीटरचे भोक याने थोड्या वेळात पडते. आठवड्यातून पाच-दहा भोके पाडणाऱ्या माणसाला एवढे साधन वर्षभर पुरते.

निव्वळ पातळ पत्र्यात कडीसाठी भोके हवी असतील तर ड्रिलचीही गरज नाही. भोक पाडायची पक्कड किंवा स्क्रू आवळून दाबायचा पंच यांनी मऊ धातूच्या साधारण ०.८ मिलिमीटरपर्यंतच्या पत्र्यात स्वच्छ भोक पडते. आवाज होत नाही, कीस उडत नाही, बिट मोडत नाही. मर्यादा अशी की भोकाचे माप ठरलेलेच असते, आणि पक्कड काठापासून तिचा जबडा पोहोचेल तेवढ्याच अंतरावर चालते.

रोटरी टूल की फ्लेक्सशाफ्ट

हाताचे साधन अपुरे पडू लागले, म्हणजे भोकांची संख्या वाढली, पत्रा एक मिलिमीटरच्या वर गेला किंवा घासणे आणि पॉलिश करणे हीही कामे यंत्रावर घ्यावीशी वाटली, की मग खरी निवड समोर येते. हातात धरायचे रोटरी टूल सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ड्रेमेल हे त्यातले इतके रुळलेले नाव आहे की बरेच जण कोणत्याही कंपनीच्या यंत्राला तेच नाव देतात. ही कंपनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली. या प्रकारात मोटर मुठीतच असते. त्यामुळे यंत्र आटोपशीर होते, कपाटात ठेवता येते आणि त्याला टांगायला जागा लागत नाही. पण त्याच कारणाने मूठ जाड होते, वजन मनगटावर येते, आणि वेग बदलायला किंवा यंत्र थांबवायला अंगठा किंवा दुसरा हात लागतो. दागिनेकामात दुसरा हात बहुधा रिकामा नसतो, कारण त्याने वस्तू धरलेली असते.

फ्लेक्सशाफ्टमध्ये, ज्याला अनेक कारागीर हँगिंग मोटर म्हणतात, मोटर वर आकड्याला टांगलेली असते. तिच्यापासून एक लवचीक दांडा खाली येतो आणि त्याच्या टोकाला बोटाएवढी जाड मूठ असते. वेग पायाच्या पेडलवरून ठरतो: थोडा दाब दिला की बिट रेंगाळत फिरतो, जास्त दिला की पळतो, आणि पाय उचलताच थांबतो. या पेडलचे महत्त्व वापरल्याशिवाय लक्षात येत नाही. भोक सुरू करताना बिट अगदी हळू फिरायला हवा, टोक धातूत रुतले की थोडा वेग चालतो, आणि आरपार निघायच्या क्षणी पुन्हा वेग उतरवावा लागतो. एका भोकात वेग असा दोन-तीनदा बदलतो, आणि हे सारे हात न हलवता करता येते. सराफी कामासाठीच्या अशा मोटरांचा सर्वोच्च वेग बहुधा १८,००० च्या आसपास, म्हणजे रोटरी टूलच्या निम्माच असतो. पण कमी वेगावरचा जोर कितीतरी चांगला असतो. धातूचे दागिने करायचे असे ज्याचे मनाशी ठरलेले आहे, त्याने मधली पायरी गाळून थेट फ्लेक्सशाफ्ट घ्यावा, असे मी म्हणेन. जागा मात्र आधी पाहावी. मोटर बाकाच्या वर अशी टांगावी लागते की दांडा मोठ्या, सैल वळणाने खाली येईल. त्याला तीव्र बाक बसला तर आतली तार तापते, मूठ थरथरते आणि दांडा लवकर झिजतो. अधूनमधून आतला दांडा काढून पुसणे आणि त्याला ग्रीस लावणे हे कामही त्यात येते.

रोटरी टूलला जोडायचा वेगळा लवचीक दांडाही मिळतो. त्याने मूठ बारीक होते हे खरे, पण त्याच्यासोबत पेडल येत नाही आणि अनेक रोटरी टूलांची मोटर कमी वेगावर दुबळी असते ती तशीच राहते. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ज्या यंत्रात वेग बदलायची इलेक्ट्रॉनिक सोय आधीच आहे, त्याला वेग बदलणारे बाहेरचे पेडल जोडू नये. दोन नियंत्रणे एकमेकांवर चालून सर्किट जळू शकते. केवळ चालू-बंद करणारे पेडल चालते.

मायक्रोमोटर हा तिसरा प्रकार दंतवैद्यकातून ओळखीचा आहे. त्यात छोटी मोटर मुठीत आणि नियंत्रण वेगळ्या डब्यात असते. खड्यांच्या जडावाला आणि कोरीव कामाला तो फार सुरेख चालतो, कारण त्यात थरथर कमी असते. भोके पाडणे हेच मुख्य काम असेल तर पहिले यंत्र म्हणून तो घ्यायचे कारण नाही.

डगमग आणि पकड

वेगानंतर सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते बिट किती सरळ फिरतो याकडे. बिटाचा मध्य आणि यंत्राचा मध्य एका रेषेत नसला, की टोक एका जागी न फिरता छोटे वर्तूळ काढते. मोठ्या बिटाला हे खपून जाते. पण ०.७ मिलिमीटरच्या बिटात दशांश मिलिमीटरची डगमगही भोक मोठे आणि वेडेवाकडे करते आणि बिट वाकवून मोडते. ‘बारीक बिट माझ्याकडे टिकतच नाहीत’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि तिचे कारण अनेकदा हातात नसून चकात असते.

बिट धरण्याच्या दोन पद्धती आहेत. कॉलेट ही चिरा पाडलेली नळी असते. ती आवळली की सगळ्या बाजूंनी सारखी मिटते. ती बिट मध्यावर चांगला धरते, पण प्रत्येक मापाला वेगळी लागते. रोटरी टूलची नेहमीची मापे ३.२, २.४, १.६ आणि ०.८ मिलिमीटर अशी आहेत. तीन जबड्यांचा चक मात्र मधल्या कोणत्याही मापाला जुळवून घेतो. रोटरी टूलसाठी मिळणारा बिनचावीचा छोटा चक साधारण ०.८ ते ३.२ मिलिमीटरपर्यंतचे बिट धरतो, आणि फ्लेक्सशाफ्टच्या चावीच्या चकाच्या मुठीत याहूनही बारीक बिट बसतात. सोय चकात जास्त, नेमकेपणा सहसा कॉलेटमध्ये जास्त. यावर चांगला तोडगा असा: बारीक बिट घेताना ज्यांची मागची दांडी सरसकट २.३५ किंवा ३ मिलिमीटरची आहे असेच घ्यावेत आणि त्यांच्यापुरता एकच योग्य कॉलेट किंवा मूठ ठेवावी. बिट ०.६ मिलिमीटरचा असो की १.५ मिलिमीटरचा, पकड बदलत नाही.

अशा सारख्या दांडीच्या बिटांत एक फसवा प्रकार आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्यांना भोके पाडायचे टंगस्टन कार्बाइडचे बिट सहज मिळतात, त्यांची दांडी रोटरी टूलच्या कॉलेटमध्ये अचूक बसते आणि ते धारदारही असतात. पण कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते. हातातले यंत्र केसभर तिरके झाले की असा बिट वाकत नाही, तुकडे होऊन उडतो. ड्रिल स्टँडवर ते उत्तम चालतात, हातात नाही. हातकामाला हायस्पीड स्टीलच बरे, कारण ते थोडे लवते.

स्टँडचा उल्लेख आलाच आहे तर तोही विषय येथेच संपवतो. यंत्र उभे अडकवून कळीने खाली उतरवायची छोटी घोडी मिळते. मण्यांची रास विंधायची असेल किंवा जाड पत्र्यात काटकोनातच भोक हवे असेल, तर तिचा मोठा आधार होतो. मात्र हलकी, डुलणारी घोडी असण्यापेक्षा नसलेली बरी.

एक भोक जवळून

निवडीचे निकष पटायचे असतील तर एक भोक कसे पडते ते सावकाश पाहावे. तांब्याची नाण्याएवढी गोल चकती घ्या. कडीसाठी भोकाची जागा ठरवताना भोकाची कड आणि चकतीची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतके अंतर ठेवा, नाहीतर पुढे तेवढीच पट्टी ओढ बसून फाटते. सेंटर पंच त्या जागी टेकवून हातोडीचा एकच हलका ठोका द्या. हा खळगा नसेल तर बिटाचे टोक गुळगुळीत तांब्यावरून घसरते आणि चकतीवर ओरखडा उमटतो. चकती लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून पकडीने किंवा क्लँपने दाबा. बोटांनी धरू नका. बिटाचे टोक मधमाशीच्या मेणात एकदा टेकवा. आता बिट खळग्यात उभा धरा आणि मग यंत्र सुरू करा.

वेग आणि दाब जुळले असतील तर तांब्याच्या दोन बारीक सर्पिल पट्ट्या वर येताना दिसतात. त्यांच्याऐवजी नुसती पूड येऊ लागली किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला, तर बिट कापत नसून घासतो आहे: वेग कमी करा, दाब किंचित वाढवा, किंवा बिटाची धार गेलेली आहे का ते पाहा. तांबे चिवट असते, त्याचा कीस खाचांत अडकतो. म्हणून दर काही क्षणांनी बिट फिरता ठेवूनच वर काढावा. सगळ्यात धोक्याचा क्षण शेवटचा. टोक खालून बाहेर पडते तेव्हा उरलेला पातळ पापुद्रा बिटाच्या पिळावर चढतो आणि मोकळी चकती गरकन फिरते. तिची कड सुरीसारखी लागते. खाली लाकूड आणि वर क्लँप असण्याचे कारण हेच आहे. भोक पडल्यावर खालच्या बाजूला राहिलेली धारदार कड मोठ्या मापाचा बिट बोटांनीच दोन वळसे फिरवून काढता येते. एवढ्या सगळ्या प्रक्रियेत तीस हजार फेऱ्यांचा उपयोग कुठेच झाला नाही.

मोती, शिंपला आणि खडे

येथे हिशेब बदलतो. मोती आणि शिंपला हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. मोहस मापनावर त्यांची कठीणता साधारण अडीच ते साडेचारच्या दरम्यान येते, म्हणून ते हायस्पीड स्टीलने किंवा मोत्यासाठीच्या खास बिटाने विंधता येतात. त्यांच्या थरांमध्ये प्रथिनही असते. वेग जास्त झाला की जळक्या केसांचा वास येतो, आणि तो आला की थांबावे. मोती एका बाजूने आरपार विंधला तर बाहेर पडताना दुसऱ्या तोंडाचा टवका उडतो. म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे विंधून मध्यावर गाठ घालतात, आणि त्यासाठी मोती खोलगट जबड्यांच्या चिमट्यात धरतात. हातात यंत्र धरून दोन्ही भोके जुळवणे फार कठीण जाते; मोत्यांचेच काम करणार असाल तर रोटरी टूलपेक्षा स्टँडवर आधी खर्च करावा.

गारगोटीच्या जातीच्या खड्यांची कठीणता ७ असते. तिथे स्टीलची धार चालत नाही. हिऱ्याची कणी लावलेला बिट घेऊन खडा कापण्याऐवजी झिजवत जावे लागते. बारीक भोकाला भरीव बिट आणि मोठ्या भोकाला पोकळ नळीसारखा बिट वापरतात. खडा पाण्यात बुडालेला असावा लागतो, नाहीतर हिऱ्याची कणी तापून सुटते आणि खडाही तडकतो. बिट हलकेच वरखाली करत राहावे, म्हणजे पाणी तळापर्यंत पोहोचते. विजेचे यंत्र हातात आणि पाण्याची वाटी खाली, ही जोडी मला नेहमी काळजीत टाकते. मोटर मुठीत असलेले रोटरी टूल पाण्यावर धरणे योग्य नाही. फ्लेक्सशाफ्टमध्ये मोटर दूर वर टांगलेली असते, हा त्याचा आणखी एक मोठा फायदा. तरीही वीजगळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच त्या जोडणीवर असावाच. पाण्याचे दुसरे काम धूळ दाबण्याचे आहे. गारगोटीच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती श्वासात जात राहिली तर फुप्फुसांना कायमची इजा करणारा सिलिकोसिस होतो. शिंपला आणि हाड यांची धूळही छातीला त्रास देते. कोरडे काम टाळावे, आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावल्याशिवाय यांपैकी कोणत्याही पदार्थाला बिट लावू नये.

चष्म्याबद्दल वाद नसावा: ०.८ मिलिमीटरचा मोडलेला बिट कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण त्यांचा धागा फिरत्या चकात गुंडाळला गेला तर बोट सोबत जाते. केस बांधावेत, बाह्या वर घ्याव्यात, गळ्यातली साखळी काढून ठेवावी.

खरेदी आणि पहिली तपासणी

या साऱ्यावरून क्रम असा ठरतो. मणी, रेझिन, लाकूड किंवा अगदी पातळ पत्रा एवढेच काम असेल तर पिन वाइस किंवा पिळाचे हात-ड्रिल घ्यावे आणि तिथेच थांबावे. थोडे सगळेच करून पाहायचे असेल आणि जागा कमी असेल, तर पाच हजार फेऱ्यांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरणारे, भाराखाली वेग टिकवणारे रोटरी टूल चांगले. धातूकाम ठरलेले असेल तर फ्लेक्सशाफ्ट. यंत्राबरोबर येणारी शंभर-दीडशे नगांची पेटी पाहून भुलू नये; त्यातले बहुतेक नग घासायचे आणि लाकूड कोरायचे असतात, आणि बिट असले तर बहुधा हलक्या पोलादाचे. त्याऐवजी तेवढ्याच पैशात हायस्पीड स्टीलचे ०.८, १ आणि १.५ मिलिमीटरचे बिट प्रत्येकी अनेक घ्यावेत, विशेषतः एक मिलिमीटरचे, कारण सर्वांत जास्त तेच लागतात आणि तेच मोडतात. सेंटर पंच, क्लँप आणि मेणाचा तुकडा याच खरेदीत धरावा.

यंत्र घरी आल्यावर त्याच दिवशी एक तपासणी करावी. साधारण एक मिलिमीटरचा नवा, सरळ बिट बसवून यंत्र सर्वांत कमी वेगावर चालवावे आणि पांढऱ्या कागदासमोर धरून टोकाकडे पाहावे. टोक एका बिंदूवर स्थिर दिसले तर पकड ठीक आहे; धूसर शंकू दिसला तर बिट काढून अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवावा. मग तांब्याच्या तुकड्यावर त्याच वेगाने एक भोक पाडून मोटर दबते का ते पाहावे आणि यंत्र थांबवून भोकातून तोच बिट कितपत सैल जातो ते तपासावे. बिट आणि कॉलेट बदलूनही शंकू तसाच दिसत असेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत यंत्र बदलून घ्यावे.